झाकण बंद, तरी लॅपटॉप चालू! कुणावर संशय घेण्याआधी लॅपटॉपमधली नोंद तपासा

रात्री झाकण लावून कपाटात ठेवलेला लॅपटॉप मध्यरात्री घरघरायला लागतो. सकाळी क्लासला निघताना बॅग उचलावी, तर आतला लॅपटॉप तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी संपत आलेली. हे एकदा झालं की माणूस दुर्लक्ष करतो. दोन-तीनदा झालं की घरात चर्चा सुरू होते.

आणि चर्चा बहुतेक वेळा संशयाकडेच जाते. अब्बांना वाटतं, पोरगा रात्री सगळे झोपल्यावर काहीतरी पाहत बसतो. मुलाला वाटतं, लॅपटॉप हॅक झाला. शेजारचे सांगतात, दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. एखादी खाला हळूच म्हणते, घरात काही असर तर नाही ना? जिन्नांवरचं ईमान आपल्या जागी आहे, पण बंद लॅपटॉप जागा होण्यामागे जवळजवळ नेहमीच यंत्रातलं साधं कारण असतं. महत्त्वाचं म्हणजे लॅपटॉप कधी जागा झाला, कशामुळे झाला, याची नोंद बहुतेक वेळा तो स्वतःच ठेवतो. ती नोंद वाचायला पैसे लागत नाहीत, इंजिनिअर असण्याचीही गरज नाही.

ज्या घरात एकाच लॅपटॉपवर मुलीचा प्रोजेक्ट, मुलाच्या स्पर्धा परीक्षेचा फॉर्म आणि दुकानाचा हिशेब चालतो, तिथे हा प्रश्न किरकोळ राहत नाही. म्हणून तो नीट समजून घेऊ.

झाकण बंद म्हणजे लॅपटॉप बंद नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. झाकण लावलं की लॅपटॉप बंद होत नाही, तो झोपतो. यालाच 'स्लीप' म्हणतात. या झोपेत तुमचं उघडं काम मेमरीत तसंच राहतं आणि ते टिकवण्यासाठी बॅटरी थोडी थोडी खर्च होत राहते.

झोपेचेही प्रकार आहेत. जुन्या लॅपटॉपमध्ये 'एस-थ्री' नावाची गाढ झोप असायची. तिच्यात मेमरी सोडून जवळजवळ सगळं बंद. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये बहुधा 'मॉडर्न स्टँडबाय' असतो. त्यामागची कल्पना मोबाईलवरून आली: स्क्रीन काळी, पण आतून यंत्र अधूनमधून जागं होऊन इंटरनेट बघतं, मेल घेतं, अपडेट उतरवतं. 2012 साली विंडोज 8 सोबत याचं पहिलं रूप आलं आणि विंडोज 10 पासून त्याला आजचं नाव मिळालं. मोबाईलमध्ये ही सोय चांगली चालते. लॅपटॉपमध्ये मात्र एखादं प्रोग्राम किंवा ड्रायव्हर अडकला, तर यंत्र परत झोपतच नाही. बंद बॅगेत हवा खेळत नाही, पंखा फिरतो, पण गरम हवा बाहेर जायला वाट नसते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. 'झोप' हा हुकूम लॅपटॉपला झाकण लावण्याच्या क्षणी एकदाच मिळतो. नंतर दुसऱ्या कशाने त्याला उठवलं, तर झाकण अजून बंदच आहे म्हणून तो लगेच पुन्हा झोपेल असं नाही. म्हणूनच तो बॅगेत तासभर जागा राहू शकतो.

उठवणारे नेहमीचे पाच जण

पहिला, माऊस. वायरलेस माऊसचा इवलासा रिसीव्हर लॅपटॉपलाच लावलेला आणि माऊस त्याच बॅगेत. रिक्षा खड्ड्यातून गेली, माऊस हलला, लॅपटॉप उठला. उपायही सोपा: माऊस खालच्या बटणाने बंद करा किंवा रिसीव्हर काढून ठेवा.

दुसरा, घड्याळ. विंडोजमध्ये 'वेक टायमर' असतात. एखादं काम ठरलेल्या वेळी करायचं म्हणून प्रोग्राम लॅपटॉपला गजर लावून ठेवतो. विंडोजच्या स्वतःच्या देखभालीची ठरलेली वेळ, तुम्ही बदलली नसेल तर, रात्री 2 ची असते आणि त्यासाठी यंत्राला उठवण्याचा पर्यायही तिथेच असतो. त्यामुळे रोज बरोबर दोनला लॅपटॉप उठत असेल तर आधी हे बघा. अपडेट, अँटीव्हायरस, बॅकअप हेही असंच करू शकतात. घरात कुणी लॅपटॉपवर अजान लावणारं प्रोग्राम टाकलं असेल, तर फजरच्या वेळेला लॅपटॉप उठण्यामागे तेही असू शकतं.

तिसरा, नेटवर्क. 'वेक ऑन लॅन' ही सोय ऑफिसांसाठी केलेली आहे. नेटवर्कवरून विशिष्ट संदेश आला की कॉम्प्युटर चालू होतो. ऑफिसने वापरून विकलेल्या सेकंडहँड लॅपटॉपमध्ये ही सोय चालू राहिलेली असू शकते.

चौथं, झाकण. झाकण बंद आहे हे लॅपटॉपला एका छोट्या चुंबकामुळे कळतं. चुंबक एका भागात, तो ओळखणारा सेन्सर दुसऱ्या भागात. बॅग कोंबून भरली, झाकण किंचित उचललं गेलं, की लॅपटॉपला वाटतं मालकाने उघडलं. बिजागरी सैल झाली असेल तरी हेच होतं. बॅगेचं चुंबकाचं बटण किंवा चुंबक असलेलं मोबाईल कव्हर अगदी त्याच जागी आलं तर सेन्सर फसू शकतो. काही लॅपटॉपचं पॉवर बटण बाजूच्या कडेला असतं, ते पुस्तकाने दाबलं जातं.

पाचवा, चार्जर. काही लॅपटॉप चार्जर लावताच चालू होतात. लोडशेडिंगच्या भागात वीज जाऊन परत आली की हा प्रकार दिसतो. मॅकबुकची तर बहुतेक नव्या मॉडेलांत रचनाच अशी आहे की झाकण उघडलं किंवा चार्जर लावला की यंत्र सुरू होतं.

आता नोंद वाचू

विंडोजवर स्टार्ट बटणाजवळच्या शोधात 'सीएमडी' ही तीन अक्षरं टाका. 'कमांड प्रॉम्प्ट' दिसेल. त्यावर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळी खिडकी उघडेल. घाबरायचं काही नाही, खालचे हुकूम फक्त माहिती दाखवतात, बदलत काही नाहीत.

प्रत्येक हुकूम 'पॉवरसीएफजी' या शब्दाने सुरू होतो. स्पेलिंग असं: 'पॉवर' हा इंग्रजी शब्द आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरं. मग एक जागा सोडून छोटी आडवी रेघ आणि रेघेला चिकटून पुढचा शब्द:

1. लास्टवेक. शेवटचं कशामुळे उठला ते सांगतो. 'लास्ट' आणि 'वेक' हे दोन इंग्रजी शब्द जोडून लिहा.
2. वेकटायमर्स. सध्या कुठल्या प्रोग्रामने गजर लावून ठेवलाय ते दिसतं.
3. रिक्वेस्ट्स. कोण लॅपटॉपला झोपू देत नाही त्याची यादी येते.
4. स्लीपस्टडी. मॉडर्न स्टँडबाय असलेल्या लॅपटॉपसाठी हा सगळ्यात कामाचा. तो एक अहवाल बनवतो आणि फाइल कुठे ठेवली तो पत्ता स्क्रीनवर सांगतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की प्रत्येक झोप किती वेळ चालली, त्यात बॅटरी किती उतरली आणि कुणी किती त्रास दिला, हे तक्त्यात दिसतं.

काळी खिडकी नकोच असेल तर दुसरा रस्ता आहे. शोधात 'इव्हेंट व्ह्यूअर' टाका, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि मग 'सिस्टिम' उघडा. यादीत 'पॉवर-ट्रबलशूटर' नावाची नोंद शोधा. तिच्यात झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि 'वेक सोर्स', म्हणजे उठवणारा कोण, हे लिहिलेलं असतं. नव्या लॅपटॉपमध्ये ही नोंद सापडली नाही तर 'कर्नल-पॉवर' नावाच्या नोंदींत 506 आणि 507 हे क्रमांक बघा. 506 म्हणजे झोपेत गेला, 507 म्हणजे झोपेतून बाहेर आला. कारणही सोबत असतं: झाकण, पॉवर बटण, माऊस वगैरे.

वेळ वाचताना एक खबरदारी

इथे अनेक जण फसतात. पॉवर-ट्रबलशूटरच्या मजकुरातली वेळ भारतीय नसते, जागतिक प्रमाणवेळ असते. वेळेच्या शेवटी इंग्रजी 'झेड' दिसलं की समजा, त्यात साडेपाच तास मिळवायचे आहेत. नोंदीत 20:30 दिसलं म्हणजे रात्रीचे साडेआठ नव्हेत, भारतातल्या मध्यरात्रीनंतरचे 2 वाजलेत. दुबईत असाल तर चार तास मिळवा, सौदीत असाल तर तीन.

हा फरक छोटा नाही. नोंदीत रात्रीचे साडेआठ दिसले आणि त्याच वेळी मुलगा खोलीत एकटा होता, एवढ्यावरून त्याला बोल लावला, तर चूक कुणाची? प्रत्यक्षात त्या वेळेला, रात्री दोनला, विंडोजची देखभाल चालू असेल. बदगुमानीपासून दूर राहण्याची शिकवण आपण मुलांना देतो, ती इथेही लागू आहे. वेक सोर्समध्ये 'टायमर' लिहिलं असेल, तर तिथे माणसाचा हात नव्हता. 'पॉवर बटण' लिहिलं असेल, तरी ते बॅगेत दाबलं गेलेलं असू शकतं. कधी कधी 'अननोन' एवढंच येतं, त्याचा अर्थ कारण कळलं नाही इतकाच. ही नोंद यंत्र दुरुस्त करण्यासाठी आहे, घरात खटला चालवण्यासाठी नाही.

कारण कळलं, आता उपाय

टायमर असेल तर: कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा. चालू प्लॅनच्या पुढच्या 'चेंज प्लॅन सेटिंग्ज' मधून 'अ‍ॅडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये जा. तिथे 'स्लीप' खाली 'अलाऊ वेक टायमर्स' हा पर्याय असेल, तो बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी 'डिसेबल' करा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही. मग ज्या प्रोग्रामचं नाव नोंदीत आलं, त्याच्याच सेटिंगमध्ये जाऊन वेळ बदला किंवा ते काढून टाका.

माऊस, कीबोर्ड किंवा नेटवर्क असेल तर: 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्या वस्तूवर राइट क्लिक, मग 'प्रॉपर्टीज', मग 'पॉवर मॅनेजमेंट'. 'या उपकरणाला कॉम्प्युटर उठवू द्या' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यापुढची खूण काढा. सगळ्यांच्या खुणा एका दमात काढू नका. एक काढा, दोन दिवस बघा, मग पुढची.

पूर्ण शटडाउन केल्यावरही चालू होत असेल तर: हा प्रकार वेगळा आहे, कारण तिथे झोपेचा प्रश्न नाही. आधी एक गोष्ट करून बघा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर नेहमीचं शटडाउन अर्धवट असतं, यंत्रणेचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो. 'शिफ्ट' दाबून धरून 'शटडाउन' वर क्लिक केलं की लॅपटॉप पूर्ण बंद होतो. तरीही उठला तर कारण बायोसमध्ये असू शकतं. लॅपटॉप सुरू होताना डेलमध्ये एफ-2, एचपीमध्ये एफ-10, लेनोव्होमध्ये बहुधा एफ-1 किंवा एफ-2 दाबलं की बायोस उघडतं. तिथे झाकण उघडताच चालू होणं, चार्जर लावताच चालू होणं, ठरलेल्या वेळी चालू होणं आणि वेक ऑन लॅन, असे पर्याय असतात. नको ते बंद करा. ज्याचा अर्थ कळत नाही, त्याला हात लावू नका, न साठवता बाहेर या.

मॅकबुक असेल तर: सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'बॅटरी' आणि त्यातले 'ऑप्शन्स' बघा. 'वेक फॉर नेटवर्क अ‍ॅक्सेस' बंद करा किंवा फक्त चार्जरवर ठेवा. जुन्या इंटेल मॅकमध्ये 'पॉवर नॅप' ही सोय असते, तीही बंद करता येते. चार्जर, बाहेरचा मॉनिटर आणि कीबोर्ड-माऊस जोडलेला मॅक झाकण बंद ठेवूनही चालतो. ती त्याची रीतच आहे, बिघाड नाही.

बॅगेत नेताना हायबरनेट करा

कारण सापडो न सापडो, एक सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्यावी. लॅपटॉप टेबलावरून उठून चहाला जाताय, झोप ठीक आहे. बॅगेत जाणार असेल तर शटडाउन किंवा 'हायबरनेट'.

हायबरनेटमध्ये उघडं काम डिस्कवर साठवलं जातं आणि वीज जवळजवळ पूर्ण बंद होते. पुन्हा चालू केल्यावर सगळ्या खिडक्या होत्या तशा मिळतात. सुरू व्हायला झोपेपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, इतकाच फरक. विंडोजमध्ये हा पर्याय बहुधा लपवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये डाव्या बाजूला 'पॉवर बटणं काय करतात' अशा अर्थाचा दुवा आहे. तिथे बंद दिसणारे पर्याय खुले करण्याच्या ओळीवर क्लिक करा आणि 'हायबरनेट' वर खूण करा. त्याच भागात 'झाकण बंद केल्यावर काय करायचं' हेही ठरवता येतं. बॅटरीवर असताना झाकण लावलं की हायबरनेट, एवढं एक सेटिंग केलं तर बॅगेतल्या बहुतेक तक्रारी मिटतात.

झोपेतच ठेवायचा असेल तर क्रम पाळा: आधी चार्जर काढा, मग झाकण लावा. चार्जरवर असताना झोपवलेला लॅपटॉप नेटवर्क आणि इतर कामं चालू ठेवण्याची शक्यता जास्त असते.

उमरा, हज आणि आखाताच्या प्रवासात

कोकणातल्या आणि मुंबईतल्या कित्येक घरांतून कुणी ना कुणी आखातात ये-जा करतं. विमानप्रवासात हा विषय केवळ बॅटरी उतरण्यापुरता राहत नाही. लॅपटॉप शक्यतो हातातल्या बॅगेतच न्यावा. चेक-इन सामानात टाकावाच लागला तर तो पूर्ण बंद हवा, झोपेत चालत नाही, आणि चुकून चालू होणार नाही असा बांधलेला हवा. हा आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा नियम आहे. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक तर चेक-इन सामानात टाकायचीच नाही. सामानाच्या कप्प्यात लॅपटॉप जागा होऊन तापला तर तिथे बघायला कुणी नसतं, म्हणून हे नियम आहेत. तिथल्या भाईजानसाठी इथून लॅपटॉप पाठवताना शटडाउन केलं की नाही, हे बॅग बंद करण्याआधी एकदा डोळ्यांनी बघा.

बॅटरी फुगली असेल तर थांबा

झाकण नीट बसत नाही, टचपॅड वर आलाय, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो? ही बॅटरी फुगल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी झाकणाचा सेन्सर फसून लॅपटॉप आपोआप चालू होणं हे दुय्यम, धोका बॅटरीचा आहे. चार्जिंग थांबवा, लॅपटॉप बंद करा, गादी, पडदे, कपडे यांपासून दूर ठेवा. बॅटरी दाबू नका, टोचू नका, घरी उघडू नका. ओळखीच्या, भरवशाच्या सर्व्हिस सेंटरमध्ये न्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

हॅकरची भीती कितपत खरी?

वेक ऑन लॅनचा संदेश साधारणपणे त्याच घरातल्या किंवा ऑफिसातल्या नेटवर्कवरून येतो. त्यामुळे रात्री लॅपटॉप उठला म्हणून लगेच कुणी परका आत शिरला असं होत नाही. खात्रीसाठी 'विंडोज सिक्युरिटी' मधून पूर्ण स्कॅन करा, आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवरून चालवणारं, तुम्ही न टाकलेलं प्रोग्राम दिसलं तर काढा.

खरा धोका उलट बाजूने येतो. भीतीपोटी लोक इंटरनेटवर मिळालेल्या कुठल्याही 'हेल्पलाइन'ला फोन करतात. समोरचा गोड बोलून एक प्रोग्राम टाकायला लावतो, लॅपटॉपचा ताबा घेतो आणि बँकेपर्यंत पोहोचतो. स्क्रीनवर अचानक नंबर आला तर त्यावर फोन करायचा नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवा.

दुकानात नेण्याआधी

दुरुस्तीला जाताना 'आपोआप चालू होतो' एवढंच सांगितलं, तर समोरचा मदरबोर्डचं नाव घेऊ शकतो आणि खर्च वाढू शकतो. त्याऐवजी चार गोष्टी कागदावर लिहून न्या: झोपेतून उठतो की पूर्ण बंद असताना, चार्जरवर की बॅटरीवर, कुठल्या वेळी, आणि नोंदीत वेक सोर्स काय दिसला. सांगणाऱ्याला काय म्हणायचंय ते कळलं की काम करणाऱ्यालाही नेमकं कळतं, आणि उगाच एखादा पार्ट बदलला जात नाही.

लॅपटॉप कॉलेजचा, संस्थेचा किंवा दुसऱ्या कुणाचा असेल तर तो अमानत आहे. बायोसमध्ये बदल करण्याआधी मालकाला विचारा. आपला असो की परका, दुकानात देण्याआधी महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन काढून ठेवा.

घरातल्या मुलांना हे सगळं करायला बसवा. मुलगा किंवा मुलगी काळ्या खिडकीत हुकूम टाकेल, अम्मी-अब्बा शेजारी बसून नोंद वाचतील. अर्ध्या तासात कारण सापडलं तर बॅटरीही वाचेल आणि कुणावर घेतलेला संशयही मनातून जाईल.